दुसऱ्या चेंडूचा हिशेब

१७ डिसेंबर २०२०. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि तुम्ही चंद्रपुरात, तुकूमच्या रस्त्यावर एका पानठेल्याशी उभे आहात. थंडी चांगलीच आहे. मास्क हनुवटीवर उतरलाय. ठेलेवाला खर्रा घोटतोय आणि त्याचा मोबाइल सुपारीच्या बरणीला टेकवलेला आहे. पडद्यावर ॲडलेड, तिथलं दुपारचं ऊन आणि गुलाबी चेंडू. तुमच्या बाजूला तिघंचौघं जमलेत. एकाची थर्मल पॉवरमधली रात्रपाळी आत्ताच सुटलीय, दुसऱ्याचं कॉलेज मार्चपासून बंद आहे.

मिचेल स्टार्कचा पहिला चेंडू जातो. दुसरा आत येतो. पृथ्वी शॉचे हात अंगापासून लांब जातात, पाय जागीच राहतो, आणि बॅट-पॅडच्या मधल्या फटीतून, आतली कड घेऊन, चेंडू यष्ट्यांवर आदळतो. कसोटी मालिकेचा दुसराच चेंडू. धावफलकावर भारताची एकही धाव नाही.

"गेला बे! दुसऱ्याच बॉलवर!"

"टेक्निकच नाही जी त्याची. आयपीएलनं वाट लावली पोट्ट्याची."

"पोट्टा काय करन एकटा? शिकवणारे कायले ठेवले मंग?"

ठेलेवाला काहीच बोलत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा चांदा क्लबच्या मैदानावर लेदर बॉल खेळायला जातो आणि तीन सामन्यांत त्याच्या धावा झालेल्या नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत येते. ऑस्ट्रेलियातल्या वाहिनीवर रिकी पाँटिंग समालोचन करत होता. शॉ खेळायला उभा राहिला तेव्हाच तो सांगत होता, की या मुलात काही कच्चं असेल तर ते इथे, आत येणाऱ्या चेंडूला बॅट आणि पॅडमध्ये हा मोठी जागा सोडतो. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच स्टार्कने नेमकी ती जागा शोधली. लोक पाँटिंगच्या नजरेला सलाम करत ती फीत पुढे पाठवतात. तुम्हाला मात्र तिच्यात दुसरं काहीतरी टोचतं. हाच पाँटिंग २०१८पासून दिल्लीच्या आयपीएल संघाचा मुख्य प्रशिक्षक आहे. शॉ त्याच्याच संघात आहे. तीन हंगाम त्याच्या डोळ्यांसमोर खेळलेल्या मुलाची फट त्याला माहीत होती, मग ती बुजवायची कोणी?

पानठेल्यावरचा वाद दोनच खात्यांत मांडला जातोय, मुलाचं की मास्तरांचं. पण सोळाव्या वर्षी जे मास्तरांचं असतं ते पंचविसाव्या वर्षी मास्तरांचं राहत नाही. या वादात वर्ष कोणतं ते कोणी विचारत नाही. आज तुम्हाला वर्षं ओलांडता येतात, तर ओलांडा.

२० नोव्हेंबर २०१३. मुंबईचं आझाद मैदान. इतके सामने एकाच वेळी चाललेत की एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीशेजारी उभा आहे. तुम्हाला वाकून, चुकवत चालावं लागतं. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेचा छोटासा कर्णधार पृथ्वी शॉ कालपासून फलंदाजी करतोय. चार दिवसांपूर्वी, इथून हाकेच्या अंतरावर वानखेडेवर, सचिन तेंडुलकर शेवटचा खेळून गेला आहे. सगळी मुंबई रिकामी जागा भरायला कोणीतरी शोधते आहे, आणि हा मुलगा ५४६ धावांवर बाद होतो. ३३० चेंडू, ८५ चौकार, ५ षटकार. अकरा दिवसांपूर्वी तो चौदा वर्षांचा झाला आहे.

त्याच्याकडे नीट बघा. आई तो चार वर्षांचा असताना गेली. लहान असताना वडील त्याला पहाटे विरारहून लोकलने घेऊन यायचे, किट सांभाळायचे, संध्याकाळी परत न्यायचे. मैदानाच्या कडेला आता कॅमेरे यायला लागलेत. त्याच्या संघाने ९९१ धावा केल्या आणि बोरिवलीचा सेंट फ्रान्सिस डी'असिसीचा संघ ९२ धावांत संपला.

आता त्याचे हात बघा. ते आजही अंगापासून लांब जातात. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू तो पाय फारसा न हलवता, नुसत्या हातांच्या वेगावर कव्हरमधून मारतो आणि चेंडू दिसेनासा होतो. शाळेच्या गोलंदाजाचा वेग इतका नाही की तो चेंडू त्या फटीतून आत शिरावा. फट आहे, पण तिच्यातून जाणारं कोणी नाही. मुलाला ती कळायचं कारणच नाही. ५४६ धावा केलेल्या पोराला कोणता मास्तर म्हणेल, बाळा, आजच्या तुझ्या निम्म्या चौकारांत मला काळजी वाटली? म्हणायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. अशी दुरुस्ती करायची म्हणजे महिनोन्महिने हजारो चेंडू डोक्याखाली, अंगाजवळ, पाय पुढे टाकून खेळायचे. त्या काळात धावा आटतात. पालक विचारतात, शाळा विचारते, निवड समिती विचारते. शील्डचं वेळापत्रक थांबत नाही. म्हणून चालत्या गाडीला कोणी हात लावत नाही. त्या संध्याकाळचा सगळा हिशेब मोठ्यांच्या नावावर आहे.

वाटेत कल्याणला क्षणभर थांबा. जानेवारी २०१६. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा प्रणव धनावडे शालेय सामन्यात नाबाद १००९ करतो. शिष्यवृत्ती जाहीर होते, घरासमोर गर्दी लोटते. पुढच्या वर्षी त्याच्या धावा आटतात आणि त्याचे वडील मुंबई क्रिकेट संघटनेला पत्र लिहून कळवतात, ही शिष्यवृत्ती थांबवा. या सगळ्यात मोठ्यासारखं वागलेला तो एक बाप.

आता त्याच आझाद मैदानावर पण फेब्रुवारी १९८८मध्ये या. शारदाश्रमची दोन मुलं, सचिन आणि विनोद, सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांना दोन दिवस पळवताहेत. सहायक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण सीमेवरून हात करताहेत, डाव सोडा. दोघं मुद्दाम त्यांच्याकडे बघत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत रमाकांत आचरेकर सरांना फोन लागतो. विनोद कांबळी ३४९वर नाबाद आहे. त्याला एक धाव हवी आहे. सर म्हणतात, डाव सोडा. ६६४ धावांची ती भागीदारी तिथे थांबते.

ही गोष्ट आपण गंमत म्हणून ऐकत आलो. तुम्ही तिथे उभे राहून ऐका, तेव्हा तिच्यातलं वजन कळेल. सोळा वर्षांच्या विनोदला थांब म्हणणारा एक माणूस जगात होता, आणि विनोद थांबला. इतकंच नाही, थांबल्यावर त्याने गोलंदाजी करून ३७ धावांत ६ बळीही घेतले.

इथून तुम्ही थेट बल्लारशाच्या फलाटावर उतरता. नोव्हेंबर संपतोय, साल १९९४. नागपूरला वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी आहे आणि चंद्रपूर, बल्लारपूर, राजुऱ्याची पोरं गाडी भरून निघालीत. पेपर मिलमधल्या कोणाच्या तरी भावाने तिकिटं काढलीत. भांदक, वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम. डब्यात डबे उघडतात, ठेच्याचा वास पसरतो, आणि वाद एकच, सचिन मोठा की विनोद. तुम्ही विनोदच्या बाजूने आहात. आकडे तुमच्या बाजूने आहेत. पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा. इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच झिंबाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत लागोपाठ दोन शतकं. आणि दोनच आठवड्यांपूर्वी, वानखेडेवर, त्याने चौदाव्या डावात कसोटीतली हजारावी धाव काढली. त्याआधी कोणत्याही भारतीयाला इतक्या लवकर ते जमलेलं नव्हतं.

नागपूर स्टेशनबाहेर मात्र गलका कमी आहे. २३ नोव्हेंबरला, आठच दिवसांपूर्वी, विधानसभेवर निघालेल्या मोर्चात ११४ गोवारी चेंगरून मेले. त्यांत आपल्या भागातल्या गावांची माणसं होती. मैदानाकडे चालताना गाडीतला वाद आपोआप थांबतो. हे क्रिकेटच्या गोष्टीत येऊ नये असं कोणाला वाटेल, पण त्या डिसेंबरात नागपुरात पाऊल ठेवलेल्या कोणाही वैदर्भीय माणसाला ते टाळून पुढे जाता आलं नसतं.

मैदानात विनोद येतो. गळ्यात साखळी, बॅट उंच उचललेली. सहा वर्षांपूर्वी कोणी हा पवित्रा घडवला ते तुम्ही आझाद मैदानावर बघून आलात. समोर कोर्टनी वॉल्श आणि केनी बेंजामिन आहेत. शून्य. दुसऱ्या डावात ६. त्याच सामन्यात, त्याच सरांचा दुसरा शिष्य १७९ करतो. पूर्ण मालिकेत विनोदचे सहा डाव असे आहेत: ४०, ०, ०, ६, १८, ०. बरगड्यांकडे उसळणारा चेंडू त्याला खेळता येत नाही ही बातमी वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांना लागली आहे, म्हणजे आता ती सगळ्या जगाला लागणार.

तंबूकडे वळून बघा. तिथे व्यवस्थापक म्हणून अजित वाडेकर आहेत, थोर माणूस. पण फलंदाजीचा स्वतंत्र प्रशिक्षक नाही. मनाशी बोलणारा तज्ज्ञ नाही. आचरेकर सर दादरला आहेत. दोन शून्यांच्या मध्ये बावीस वर्षांच्या मुलाला नेटमध्ये उभं करून दोनशे आखूड चेंडू टाकून घेणारं, आणि रात्री खोलीचं दार वाजवणारं कोणी नेमलेलंच नाही. विनोद रात्री काय करत होता यावर त्या काळात पुष्कळ लिहिलं गेलं आणि त्यातलं सगळंच खोटं नव्हतं. आपलं शरीर, आपल्या सवयी हा त्याचा वाटा. पण पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कटकला तो शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि सरासरी ५४.२० होती. चोपन्न सरासरीचा तेवीस वर्षांचा फलंदाज एका दोषापायी कायमचा बाजूला टाकायचा, तो दोष काढायची जबाबदारी कोणावरच नाही, एकदिवसीय संघात मात्र त्याला पुनःपुन्हा आत घ्यायचं आणि बाहेर काढायचं. हे करणारे सगळे वयाने मोठे होते. परतीच्या गाडीत सेवाग्रामनंतर कोणीतरी म्हणतं, "माजला होता साला." तुम्ही भांडा. तुमच्याकडे आकडे आहेत.

पुढचा थांबा २०१८, आणि हे वर्ष तीन ठिकाणी बघायचं आहे.

पहिलं ठिकाण आपलंच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली मुलं ऑगस्ट २०१७पासून एव्हरेस्टसाठी तयार होताहेत. मिशन शौर्य. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, मग लेह-लडाख. मे २०१८मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम शिखरावर पोचतात. पथकातली सगळी मुलं पोचत नाहीत. जी परतली त्यांच्याबद्दल पानठेल्यावर कोणी टेक्निक नव्हतं असं म्हणाल्याचं तुम्ही ऐकलंय का? डोंगरात एक गोष्ट आधीच ठरलेली असते. कोणी वर जायचं, कोणी मागे फिरायचं, हा निर्णय वाट दाखवणाऱ्याचा. हवा, प्राणवायू, पायांची ताकद बघून तो सांगतो आणि पोराने ऐकायचं. मागे फिरलेल्याचा अपमान होत नाही, कारण निर्णय त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकलेला नसतो. क्रिकेटमध्ये अठरा वर्षांच्या मुलाला शिखराच्या टोकावर एकटं सोडतात आणि मग सगळा देश त्याचा तोल बघत बसतो.

दुसरं ठिकाण अमेरिका. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू त्याच्या हातात येतो, चाल तो चालवतो, हरलं की नाव त्याचं. एप्रिल २०१८मध्ये न्यूयॉर्क जेट्स सॅम डार्नॉल्ड या वीस वर्षांच्या मुलाला तिसऱ्या क्रमांकावर निवडतात. तीन वर्षांत तो फसलेला ठरतो आणि त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकतात. तिथेही हाच वाद, पोराचा दोष की प्रशिक्षकांचा. मग २०२४मध्ये मिनेसोटाच्या संघात वेगळे प्रशिक्षक, वेगळी रचना, आणि तोच हात चौदा सामने जिंकून देतो. प्रत्येक अपयशी पोराच्या बाबतीत असं घडतं असं नाही. पण जागा बदलली की माणूस बदलतो हे दिसल्यावर आधीच्या जागेला प्रश्न विचारावाच लागतो.

तिसरं ठिकाण राजकोट, ४ ऑक्टोबर. फेब्रुवारीत एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकणारा कर्णधार पृथ्वी शॉ पहिल्याच कसोटीत १३४ करतो. वय अठरा वर्षं आणि ३२९ दिवस. विश्वचषकात त्याचा उपकर्णधार शुभमन गिल होता, प्रशिक्षक राहुल द्रविड. राजकोटला तुम्ही हात बघता. ते अजून अंगापासून लांब आहेत, पण खेळपट्टी पाटा आहे आणि कोणाला ते बघायचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात ती फट तेव्हाच उघडी पडली असती, पण सिडनीच्या सराव सामन्यात झेल घेताना घोटा दुखावतो आणि तो परततो. दोष दोन वर्षं झाकून राहतो.

पुढच्या फेब्रुवारीत, २०१९मध्ये, इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याची उत्तेजक चाचणी होते. त्याने खोकल्याचं औषध घेतलंय आणि त्यात टर्ब्युटालिन आहे. चुकून घेतलं हे क्रिकेट मंडळ मान्य करतं, तरी आठ महिन्यांची बंदी येते. एकोणीस वर्षांचा, कसोटी खेळलेला मुलगा खोकतोय, तर त्याने दुकानातून बाटली आणण्याआधी कोणाला तरी विचारावं हा नियम त्याच्या अंगात कोणीतरी भिनवायचा असतो. नियम त्याला माहीत असायला हवा होता, हे खरं. शिक्षा मात्र त्याची एकट्याची झाली.

म्हणजे ॲडलेडला स्टार्क धावत येतो तेव्हा त्या चेंडूमागे ही सगळी वर्षं आहेत. आता ॲडलेड ओलांडा आणि दोनच महिने पुढे जा, कारण या सगळ्या हिशेबातला सर्वांत मोठा पुरावा तिथे आहे. मेलबर्नला शॉच्या जागी गिल आला आणि टिकला. शॉ घरी परतला, प्रवीण आमरे आणि त्याचे जुने प्रशिक्षक प्रशांत शेट्टी यांच्याबरोबर पवित्र्यावर काम करायला बसला. फेब्रुवारी-मार्च २०२१मधल्या विजय हजारे स्पर्धेत त्याने आठ सामन्यांत ८२७ धावा केल्या. चार शतकं, त्यांत एक नाबाद २२७. मुंबईने त्याच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकला. पांढरा चेंडू, देशी खेळपट्ट्या, मान्य. स्टार्कसारखं कोणी नव्हतं, मान्य. पण हात अंगाजवळ आले होते, बॅट सरळ उतरत होती. म्हणजे ज्या फटीपायी २०१३पासून मोठी माणसं मुकाट होती, ती काही आठवड्यांच्या मेहनतीने अरुंद होऊ शकत होती. हात लावायला धजावणारं कोणीतरी हवं होतं, आणि मुलाला आधी पडावं लागलं.

त्याच एप्रिलमध्ये पाँटिंग एका मुलाखतीत सांगतो, की आधीच्या हंगामात धावा होत नसताना हा मुलगा नेटमध्ये फलंदाजी करायला तयारच नसायचा. धावा होत असल्या की मात्र सारखी बॅट हवी. त्याने समजावून बघितलं, शॉ आपल्या मतावर ठाम राहिला.

तुम्ही आतापर्यंत मुलाच्या बाजूने भांडत आलात. हे वाक्य गिळायला जड जातं, पण गिळावं लागेल. प्रशिक्षक बोलला होता. वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडूला हाताला धरून नेटमध्ये ओढता येत नाही. पाँटिंगला फट माहीत असूनही ती राहिली, याचा अर्धा जाब आता शॉकडे आहे. उरलेला अर्धा मी पाँटिंगकडेच ठेवीन. संघात त्याला खेळवत राहण्याचा अधिकार प्रशिक्षकाच्या हातात होता, आणि नेट नाही तर सामना नाही हे सांगण्याची सोयही होती. आयपीएलच्या सात-आठ आठवड्यांत पहिल्या सहा षटकांत चेंडू झोडणारा हात हवा असतो, म्हणून ते सांगितलं जात नाही. खेळाडूचा दोष आणि संघाची गरज एकाच ठिकाणी असली की दोष तसाच राहू देणं सगळ्यांना परवडतं.

पुढची वर्षं तुम्ही भराभर ओलांडू शकता. जानेवारी २०२३, गुवाहाटी, रणजीत आसामविरुद्ध ३७९. ऑगस्ट २०२३, इंग्लंडात नॉर्दम्प्टनशरकडून २४४, आणि लगेच गुडघ्याची दुखापत. हातातली कला गेलेली नाही हे कोणालाही दिसतं.

डिसेंबर २०२४ला मात्र थांबा. ऑक्टोबरात मुंबईने त्याला रणजी संघातून काढलंय. नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात ७५ लाखांच्या पायाभूत किमतीलाही कोणी हात वर केलेला नाही. मुश्ताक अली स्पर्धा मुंबईने जिंकल्यावर कर्णधार श्रेयस अय्यर सगळ्यांसमोर म्हणतो, की सल्ले त्याला सगळ्यांनी दिलेत, कामाची शिस्त त्याने स्वतः आणायची आहे, आम्ही कोणाला कडेवर घेऊन फिरू शकत नाही. विजय हजारेसाठी नाव वगळल्यावर शॉ समाजमाध्यमावर आपले आकडे मांडून विचारतो, देवा, अजून काय बघायचं राहिलं? त्यावर मुंबई संघटनेचा एक अधिकारी वृत्तसंस्थेला सांगतो, की चेंडू त्याच्या बाजूने जवळून गेला तरी तो वाकत नव्हता, आम्ही दहा क्षेत्ररक्षकांनिशी खेळत होतो.

शॉ आता पंचवीस वर्षांचा आहे. इथे तुम्ही त्याचा वकील म्हणून उभे राहू नका. वजन, धाप, सरावाची वेळ ही आता त्याची स्वतःची आहेत. आझाद मैदानावरच्या चौदा वर्षांच्या मुलासाठी जे म्हणालात ते आता म्हणणं म्हणजे त्याला कायमचं चौदा वर्षांचं ठेवणं. फक्त एक गोष्ट मला त्या डिसेंबरातही खटकते. संघाच्या खोलीतलं वजनाचं बोलणं निनावी अधिकाऱ्याच्या तोंडून वर्तमानपत्रात यावं, हे कोणत्या मास्तरकीत बसतं? आचरेकर सर रागावायचे ते मुलाच्या तोंडावर.

हे सगळं चाललंय ते ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे त्याच्याबद्दल. आता जागा बदला आणि भामरागडच्या बसथांब्यावर उभे राहा. हातात टेनिसच्या चेंडूवर खेळून झिजलेली बॅट घेतलेला एक पोरगा आहे. आश्रमशाळेत त्याच्या चेंडूला सगळे घाबरतात. लेदर बॉल त्याने अजून हातात धरलेला नाही. विदर्भाची निवड चाचणी नागपूरला होते. संपूर्ण गडचिरोली जिल्ह्यात गाडी थांबते ती एका वडसा स्टेशनवर, आणि इथून वडसा गाठायलाच दिवस जातो. विदर्भाने २०१८, २०१९ आणि २०२५ अशी तीनदा रणजी जिंकली, त्याचा अभिमान त्यालाही आहे. त्याची फट कुठे आहे हे कोणी बघितलेलं नाही, तर ती बुजवणार कोण? तो उद्या खेळणं सोडेल तेव्हा दोष पोराचा की प्रशिक्षकाचा असा वादही होणार नाही. वाद व्हायलासुद्धा आधी एक प्रशिक्षक लागतो. मिशन शौर्यने हे दाखवून दिलंय, की जिवतीच्या डोंगरातल्या पोरांपर्यंत मोठी माणसं चालत गेली, नऊ-दहा महिने त्यांच्याबरोबर राहिली, तर काय घडतं. तेवढं एका क्रीडाप्रकारासाठी घडलं म्हणून सांगत बसण्यापेक्षा ते अहेरीत, एटापल्लीत, सिरोंच्यात दरवर्षी घडायला हवं, आणि त्याची मागणी आपण मोठ्याने करायला हवी.

शेवटचा थांबा, ऑक्टोबर २०२५. शॉने मुंबई सोडलीय, तो महाराष्ट्राकडून खेळतोय. तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध पहिल्या सकाळी तो शून्यावर बाद होतो. वरची फळी एकही धाव न होता कोसळते. तुमच्या मोबाइलवर पुन्हा तेच संदेश यायला लागतात. दुसऱ्या डावात तो ७५ करतो. पुढचा सामना चंदीगडविरुद्ध. तिथे दुसऱ्या डावात तो १४१ चेंडूंत द्विशतक गाठतो आणि २२२वर बाद होतो. सामनावीर म्हणून नाव पुकारलं जातं ते ऋतुराज गायकवाडचं. पहिल्या डावात त्याचं शतक आहे. ऋतुराज पुढे होतो, शॉला बोलावून घेतो, आणि तो पुरस्कार दोघं मिळून घेतात.